हवाहवासा डोंगर

सर्रर्र...

दुपार अगदी गप्प पडली होती. वीज गेलेली, कूलर थांबलेला, गल्लीतलं कुत्रंसुद्धा नळाच्या ओलीत पाय पसरून पडलेलं. धुळ्यातल्या मे महिन्यात दोन वाजता माणसं बोलत नाहीत, नुसती पडून असतात. आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून तो आवाज आला. स्टीलच्या ताटात तांदूळ पडल्याचा.

मी उठून गेले. मुक्ता जमिनीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात मोठं ताट, ताटात तांदूळ, बाजूला आडवा झालेला डबा. तळहातानं ती तांदूळ सारखे करत होती, आजी पापडाचं पीठ सारखं करते तशी.

"ओरडू नको," माझ्याकडे न बघताच ती म्हणाली. "बाईंनी सांगितलंय बोटानं लिहायचं."

"तांदळात?"

"रेतीत सांगितलंय. आपल्याकडे रेती कुठे आहे?"

ओरडायला आले होते. पण तिनं बोट टेकवलं, आणि मी तिथेच भिंतीला पाठ लावून बसले. सपाट केलेले तांदूळ आणि त्यावर टेकलेलं एक बोट... असं ताट मी आयुष्यात एकदा बघितलंय. आणि एकदा बघायचं राहून गेलंय.

राहून गेलं, त्याचीच ही गोष्ट.

*

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि मी जळगावात, झिपरूभाऊंच्या पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, फ्रेंच शिकवत होते. आमच्याकडे फ्रेंच म्हणजे बारावीला मार्क मिळवायचा विषय. मीही त्यासाठीच घेतली होती. मग ती भाषा आवडली, पुण्याला राहून पुढच्या परीक्षा दिल्या, आणि फैजपूरला नानांच्या, माझ्या वडिलांच्या, केळीच्या बागेत फ्रेंचचं काय करणार म्हणून जळगावात खोली घेतली. खाली जातं घरघरायचं, वर पोरं क्रियापदं घोकायची. फरशीच्या फटींतून पीठ वर यायचं. संध्याकाळपर्यंत माझी पुस्तकं, माझी ओढणी, माझ्या पापण्या... सगळं ज्वारीचं होऊन जायचं.

एप्रिलमधली संध्याकाळ. शिकवणी चालू होती आणि दारात एक जण येऊन उभा राहिला. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ, हातात दळणाचा डबा.

"हे... फ्रेंच चाललंय का?"

"नाही," मी म्हटलं. "धुळ्याकडची अहिराणी आहे."

पोरं फिस्सकन हसली. तोही हसला, आणि हसताना त्याच्या पापणीवरचं पीठ गालावर पडलं. मला ते पुसावंसं वाटलं. इतक्या लवकर असं काही वाटू नये, हे मला तेव्हाही कळत होतं.

"मी खाली दळण घेऊन उभा होतो. वरून आवाज आला. मला ऑगस्टच्या शेवटी तिकडे जायचंय. त्याआधी थोडं बोलता यायला हवं."

"तिकडे म्हणजे?"

"लायन... लियॉन... कसं म्हणतात तेच माहीत नाही. म्हणून तर वर आलो."

त्याचं नाव कुंदन. पहूरचा, जळगावात खोली घेऊन राहायचा. त्याच्या वडिलांनी, म्हणजे रुपचंदआबांनी, हरण्या रोगानं पिवळी पडलेली केळीची अख्खी बाग उपटून बांधावर जाळली होती, तेव्हापासून ह्याच्या डोक्यात झाडांचे रोग बसलेले. शेतकीचं शिक्षण झालं होतं, आता पुढचं शिकायला त्या लांबच्या गावी जागा मिळाली होती.

"ठीक आहे," मी म्हटलं. "रोज सहाला. पीठ झटकून यायचं."

"आणि आपलं नाव?"

"दिपमाला."

त्यानं डब्याचं झाकण उघडलं. पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं.

"मी मॅडम म्हणेन," तो म्हणाला.

"मी तुमच्याहून लहान असेन."

"असू दे."

*

तो रोज यायचा. पोरं सातला जायची आणि तो साडेसातपर्यंत रेंगाळायचा... कधी पंख्याचं बटण दुरुस्त करायला, कधी उगीच. त्याला फ्रेंच यायची नाही असं नव्हतं. फक्त नाकातले उच्चार निघायचे नाहीत.

"नाकात बोला."

"आमच्या पहूरला कुणी नाकात बोललं तर डॉक्टरकडे नेतात, मॅडम."

"मग तिकडे गेल्यावर भाजीवाल्याशी खुणांनी बोलणार?"

"नाही. तुम्हाला फोन लावून त्याच्या हातात देणार."

असं काहीतरी बोलायचा आणि लगेच वहीत बघायचा. त्याची मान खाली असताना मी त्याच्याकडे बघायचे. मानेवर एक बारीक तीळ होता. पीठ त्यावरही बसायचं.

एकच गोष्ट तो करायचा नाही. माझं नाव घ्यायचा नाही. 'हिचं नाव अमुक' हे वाक्य शिकवताना मी मुद्दाम स्वतःकडे बोट दाखवलं. तो फ्रेंचमध्ये म्हणाला, "हिचं नाव मॅडम आहे." पोरं बाकावर आडवी पडून हसली.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "नाव घ्यायला उखाणा लागतो का तुम्हाला?"

"उखाणा बायका घेतात."

"मग?"

"मग काही नाही," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मी रात्री ते आठवून उशीत हसले. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. इथे सगळं उलटंच चाललं होतं. मला वाटलं, ज्याचं नाव जिभेवर येत नाही ते माणूस आतल्या खोलीत ठेवलेलं असतं. मला वाटलं, एक दिवस हा माझं नाव घेईल आणि तोच त्याचा कबुलीजबाब असेल. मी त्या दिवसाची वाट बघायला लागले. हाक ऐकायची तहान लागते माणसाला... हे मला तोवर माहीत नव्हतं.

*

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी तो म्हणाला, "आमच्या गावात सगळे विचारतात, सिंहाचं गाव का रे ते? काय सांगू?"

"सांगा की सिंह मागाहून आला. नावाचा आवाज तसा वाटला म्हणून गावाच्या निशाणावर बसवला. नाव त्याच्या कितीतरी आधीचं."

आम्ही गिरणीच्या गच्चीवर होतो. वीज नव्हती, खोलीत बसवत नव्हतं. कठड्यावर पिठाचा थर होता. मी त्यात बोटानं लिहिलं : लुग्दुनुम.

"रोमन लोकांच्या वेळी हे नाव होतं. लोकांनी ते बोलून बोलून झिजवलं. आता उरलंय लियों." मी एकेक अक्षर पुसत गेले.

"वापरलेलं झिजतंच," तो म्हणाला. "पुरून ठेवलेलं तसंच राहतं."

त्याचा आवाज कसा तरी झाला होता. पण मला शिकवायचा उत्साह. "दुनुम म्हणजे डोंगर किंवा गड, ह्यात वाद नाही. पहिल्या अर्ध्यावर मात्र पंडितांची भांडणं आहेत. कुणी म्हणतं, लुग नावाचा देव होता. कुणी म्हणतं, लुग म्हणजे उजेड. आणि एका फार जुन्या ग्रीक पुस्तकात लिहिलंय की तिथल्या बोलीत कावळ्याला तसं म्हणत. गाव वसवताना कावळे येऊन बसले, म्हणून कावळ्यांचा डोंगर."

खाली झिपरूभाऊ रोजच्यासारखे शिळ्या भाकरीचे तुकडे टाकत होते. कठड्याच्या टोकाला कावळे ओळीनं बसले होते. मी हात करून दाखवले.

"मला तर कावळ्यांचाच आवडला. तिथे रोज काव काव होणार, आणि तुम्ही दाराकडे बघणार... कुणी पाहुणा येतोय का फैजपूरहून."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसायला वळले, आणि हसू राहूनच गेलं. तो त्या कावळ्यांकडे बघत होता. चेहरा पिठासारखा पांढरा.

"उजेडाचा घेऊ या," तो हळूच म्हणाला. "उजेडाचा डोंगर. कावळे नको."

"का?"

"नको म्हटलं ना." मग सावरून, "अजून एखादा अर्थ आहे का?"

होता. एका जुन्या शब्दार्थाच्या यादीत, कुण्या भिक्षूनं लिहून ठेवलेला. पण तो वाचल्यापासून मी मनातच ठेवला होता. तो मोठ्यानं म्हणायचा म्हणजे माझाच कबुलीजबाब झाला असता.

"आहे. परीक्षा पास झालात की सांगीन."

"आणि नापास झालो तर?"

"तर इथेच राहाल. मग सांगायची गरज नाही."

तो बघतच राहिला. आता त्याचा रंग परत आला होता. रस्त्यावरून एसटी गेली, कंडक्टर दारात लोंबकळून ओरडत होता... एदलाबाद, एदलाबाद.

"पाटीवर मुक्ताईनगर लिहिलंय," मी म्हटलं. "किती वर्षं झाली नाव बदलून. तरी ह्यांच्या तोंडून एदलाबाद जात नाही."

"गावांचं बरं असतं," कुंदन म्हणाला. "जुनं नाव कुणीतरी ओरडत राहतं."

*

जुलैत तो पास झाला. पेढे घेऊन आला, झिपरूभाऊंना खाली दिले, पोरांना दिले. मला द्यायचा राहिला तो हातातच धरून उभा.

"चौथा अर्थ?"

"आधी पेढा."

"आधी एक विचारायचंय." त्यानं घसा साफ केला. "आबांना फैजपूरला पाठवू का? तुमच्या नानांकडे."

जातं खाली जोरात चाललं होतं. तरी मला ते वाक्य अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"पाठवा," मी म्हटलं. "पण येताना केळी आणू नका म्हणावं. आमच्याकडे तीच आहेत."

तो इतका हसला की पेढा हातातच चुरला. चुरलेला पेढा आम्ही दोघांनी त्याच्या तळहातावरूनच खाल्ला. एवढंच. आमच्या प्रेमात त्यापुढे काही झालं नाही, आणि तेवढंही मला अजून चव घेता येईल इतकं लख्ख आठवतं.

आबा फैजपूरला गेले नाहीत. आठवडाभरानं कुंदनची आईच जळगावला आली. झुंबरबाई. बारीक चणीची बाई, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला, काखेत कापडात बांधलेले बिबडे, ज्वारीचे पापड. कुंदन खाली गिरणीजवळच थांबला. ती एकटी जिना चढून आली. मी पाणी दिलं. तिनं भांडं हातात घेतलं, प्यायली नाही.

"तुझं नाव मला माहीत हाये," ती म्हणाली. "पण मी ते घेणार नाही, माय. राग मानू नको."

मी खाली बसले.

"माझी पोर होती. कुंदनची मोठी बहीण. अकरावीला होती, तापानं गेली. दवाखान्यात मी तिला सारखी हाक मारत होते. डॉक्टर म्हणे, मावशी, आवाज कमी करा." बाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तिचं नाव तेच. तुझंच."

खाली कुणीतरी जातं थांबवलं. एकदम शांत झालं.

"दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवला. कावळे झाडावर भरपूर, पण एक खाली येईना. बठ्ठे जण बोलून बघत होते. आबा म्हणे, तुझ्या भावाला शिकवीन. मामा म्हणे, तुझी सायकल कुणाला देणार नाही. कावळा शिवेना. ऊन वर आलं. लोक घड्याळं बघायला लागले. मग मीच पुढं झाले. म्हटलं, माय, तुझं नाव ह्या घरात दुसऱ्या कुणाला देणार नाही. जा सुखानं. शब्द तोंडातून पडला, आणि आला बघ कावळा. माझ्या पायाशी आला."

तिनं आता पाणी प्यायलं. एका घोटात.

"तू मला आवडली. पोरगं किती वर्षांनी हसतंय घरात, ते तुझ्यामुळे. तू ये. तांदळात तुला आवडंल ते नाव लिहू, तू सांगशील ते. मी तुला डोक्यावर ठेवीन. पण ते नाव उंबऱ्याबाहेर ठेव, माय." आणि तिनं खरोखरच पदर पसरला. माझ्यासमोर. माझ्या आईच्या वयाच्या बाईनं.

तिला खुर्चीवर बसवून मी खाली गेले.

कुंदन गिरणीच्या दाराबाहेर पिठाच्या पोत्यांपाशी उभा होता. झिपरूभाऊ शहाणे, ते चहा सांगायला म्हणून रस्त्यापलीकडे निघून गेले.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो. कावळ्यांच्या दिवशीच सांगणार होतो."

"मला वाटलं तुम्ही लाजता."

"लाजतही होतो," तो म्हणाला. "दोन्ही होतं."

त्याला हसता आलं नाही, मलाही.

"लग्नानंतर मला काय म्हणाल?"

"तुम्ही म्हणाल ते. तुम्हीच निवडा. कुठलंही."

"मला माझंच हवंय."

"आईनं तिला शब्द दिलाय. मी तो कसा मोडू? तिच्यासमोर मी रोज ती हाक कशी मारू?"

"मी मोडा म्हणत नाही. घरात नका म्हणू. आईंसमोर नका म्हणू. पण एकदा म्हणा, इथे, मला. मला कळू दे की तुम्ही मला मागताय... तिच्या जागेवर आणलेल्या बिननावाच्या कुणाला नाही."

मला नावाचा हट्ट नव्हता. आज शपथेवर सांगते, नव्हता. त्यानं तेव्हा एकदा हाक मारली असती तर पुढे जन्मभर मला गंगा म्हणा, गोदा म्हणा, मी ओ दिली असती. मला ते नाव त्याच्या तोंडून हवं होतं. एकदाच.

त्याचे ओठ उघडले. मी ते बघितलं. 'दि' म्हणायला जीभ दातांना लागते, ती लागलेलीसुद्धा मी बघितली. आणि मग त्याची नजर वर गेली. माझ्या खोलीच्या खिडकीत झुंबरबाई उभी होती, गजांना धरून.

त्यानं ओठ मिटले.

"मॅडम..." तो म्हणाला.

मी जिना चढून वर गेले. झुंबरबाईंना वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, "मावशी, मला जमणार नाही." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, बोटं स्वतःच्या कपाळावर मोडली आणि गेल्या. बिबडे मात्र ठेवून गेल्या. मी ते खाल्ले नाहीत, टाकलेही नाहीत.

ऑगस्टच्या शेवटी बारीक, कंटाळवाणा पाऊस लागला होता. त्या पावसात तो जायच्या आदल्या दिवशी खाली येऊन गेला, असं झिपरूभाऊंनी सांगितलं. दळण नव्हतं. जात्यापाशी थोडा वेळ उभा राहिला, वरच्या पोरांचा आवाज ऐकला आणि गेला. मी वर शिकवत होते. भविष्यकाळ.

*

तुळशीची लग्नं झाली आणि नानांकडे धुळ्याचं स्थळ आलं. मुलाचं नाव नवीन. देवपुरात मोटारपंपांचं दुकान, आई, स्वतःचं घर. सरळ माणूस. त्यानं मला विचारलं, "फ्रेंच शिकवता म्हणे. मला चार शब्द शिकवाल का?" मी म्हटलं, "बघू." त्यात न आवडण्यासारखं काही नव्हतं. माझ्या मनात राग होता, आणि रागात माणूस कुठल्याही बसमध्ये चढतो. कुंकू लागलं.

आणि डिसेंबरात, फैजपूरच्या घरी सकाळी मी केसांना तेल लावत असताना, फोन वाजला. लांबचा नंबर.

"झोपला होतात का?"

"नाही. तुम्ही?"

"मी झोपलोच नाही. इथे काल दिव्यांचा सण होता." आवाज थंडीनं थरथरत होता. "प्रत्येक खिडकीत दिवे. लहान लहान काचेच्या भांड्यांत. सगळं गाव खिडकीत दिवे ठेवून रस्त्यावर उतरतं. वर तो डोंगर... तुम्ही सांगितलेला. अख्खा उजळलेला. मी रात्रभर नदीच्या काठानं चाललो आणि..."

तो थांबला. मी तेलाची वाटी खाली ठेवली.

"आणि मी ते म्हटलं. मोठ्यानं. इथे कुणाला कळणार होतं? पुलावर उभं राहून म्हटलं. आधी तिला म्हटलं, ताईला. किती वर्षांनी... मग तुम्हाला. दिपमाला." श्वास ऐकू आला. "दिपमाला. काही झालं नाही. कावळा आला नाही, आभाळ पडलं नाही. मग आईला फोन लावला आणि तिलाही म्हणून दाखवलं. ती खूप वेळ रडली. म्हणाली, ह्या नावानं हाक मारलेली ऐकून किती दिवस झाले रे. मग म्हणाली, आता काय करायचं ते तू बघ."

माझं नाव. इतके महिने ज्याची तहान लागली होती ते. किती साधं वाजलं... जणू तो ते रोजच म्हणत होता, फक्त मला ऐकू येत नव्हतं.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय."

"मग चौथा अर्थ सांगा. मी पास झालोय."

पलीकडच्या खोलीत नाना पत्रिकांवर हळदीची बोटं लावत बसले होते. मला इथून त्यांची पाठ दिसत होती. आई त्यांना म्हणत होती, पहूरलाही एक द्यायची का हो, ते गिरणीवर दळण आणायचे, ओळखतात म्हणे हिला.

"कुंदन," मी म्हटलं. मीही त्याचं नाव पहिल्यांदाच घेत होते. "माझं जमलंय. धुळ्याला. माघात आहे."

तिकडे एक घंटा वाजली. कुठल्या तरी देवळाची असावी. ती वाजून संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहिलो.

"चौथा अर्थ," तो म्हणाला. "तरी सांगा."

"हवाहवासा डोंगर."

"हवाहवासा डोंगर," तो म्हणाला.

"एका भिक्षूनं लिहून ठेवलंय. ज्याची ओढ लागते तो डोंगर."

"खरा असेल?"

"पंडित म्हणतात, बहुतेक चुकीचाच आहे."

"हो," तो म्हणाला. "असेल."

त्यानं 'थांब' म्हटलं असतं, किंवा मी 'ये' म्हटलं असतं. दोघांच्याही ओठांवर होतं. पण नानांनी शेवटच्या पत्रिकेला बोट लावलं, हात पुसले आणि मला हाक मारली... "दिपा, चहा टाक गं." मी "आले" म्हटलं. फोनमध्ये. दोघांना मिळून.

*

लग्नाच्या दिवशी, सगळं झाल्यावर, माझ्यापुढे ताट आलं.

स्टीलचं मोठं ताट, सपाट केलेले तांदूळ, कडेला कुंकवाचं बोट. नवीननं हातातली अंगठी काढली. मी अंगठीकडे बघत होते. मला वाटलं, कुणीतरी विचारेल. पहूरच्या बाईनं विचारलं होतं. तिनं कारण सांगितलं होतं, तिनं पदर पसरला होता. तांदळात मला आवडेल ते लिहू म्हणाली होती. तिला मी नाही म्हटलं होतं.

इथे कुणी काही मागितलं नाही. अंगठी सरसर फिरली, तांदूळ बाजूला सरत गेले, अक्षरं उमटली. सासूबाईंनी राशीवरून काढलेलं.

"हाई आते तुन्हं नाव, माय," त्या कौतुकानं म्हणाल्या. "सुलक्षणा. चांगलं शे ना?"

सगळे टाळ्या वाजवत होते. मी मान हलवली.

भांडायचं कुणाशी? ज्याच्याशी भांडावं असं माणूस तिथे नव्हतंच. घरी जाताना गाडीत नवीननं हळूच विचारलं, "आवडलं ना? नसेल तर सांग. मी आपलं आई म्हणाली म्हणून लिहिलं." तो चांगला आहे. आजही आहे. मी म्हटलं, "छान आहे," आणि खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पांझरेच्या पुलावर कावळे बसले होते.

कुंदन तिकडेच राहिला, असं ऐकते. झाडांचे रोग बघतो. झिपरूभाऊंच्या गिरणीवर आता मोबाइलचं दुकान आहे.

*

मुक्तानं ताटात 'मुक्ता' लिहिलं. 'क्ता' वाकडा झाला, तो पुसून पुन्हा लिहिला. मग तांदूळ सारखे करून 'नवीन' लिहिलं, मोठ्यानं वाचलं. मग सारखे करून 'सुलक्षणा'. 'क्ष' तिला येत नाही. तिथे तिनं नुसती फुली काढली.

"ही तू," ती म्हणाली.

"हो."

पुन्हा तळहात फिरवला. मी तिथेच बसून होते. वीज आली नव्हती. तिचं बोट तांदळावर फिरलं, सावकाश, जिभेचं टोक दातांत धरून... दि. प. मा. ला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही फैजपूरला गेलो होतो. तिथे झोक्यावर बसताना माझ्या आईनं मला त्या नावानं हाक मारली होती. मुक्तानं ते नीट ऐकलेलं दिसलं.

"आणि ही फैजपूरच्या आजीची," मुक्ता म्हणाली. "आजी सारखी तिला हाक मारते आणि तू ओ देते. ती येत नाही म्हणून देते ना?"

तिनं अक्षरांवर अलगद हात ठेवला, पुसायला, आणि न पुसताच माझ्याकडे वर बघितलं.

"आई, दिपमाला आता कुठे राहते?"